भोंग्याच्या भिंती

कर्णा आणि भोंगा हे शब्द मराठी माणसाला नवे नाहीत. अरुंद गळ्यातून निघालेला ध्वनी क्रमाक्रमाने रुंदावत जाणाऱ्या नळीतून बाहेर सोडला की तो दूरवर पोहोचतो, हे शिंग फुंकणाऱ्यालाही ठाऊक होते आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसणाऱ्यालाही. तथापि तोच कर्णा प्लायवूडच्या फळ्या कापून, राहत्या खोलीत मावेल आणि पखवाजाचा खर्ज पेलेल असा बांधायचा म्हटले, तर हौशी कारागिराच्या लवकरच ध्यानात येते की बांधणी हे निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे काम भोंग्याच्या भिंतींना गप्प बसविण्याचे असते, आणि तेच अधिक चिवट असते.

मुळात एवढा खटाटोप करावा कशासाठी? साध्या पेटीतील ध्वनिवर्धक विजेच्या शंभर भागांपैकी सुमारे एका भागाचाच ध्वनी करतो, बाकीची उष्णता होऊन जाते. कोणत्याही हिशेबनिसाला ही टक्केवारी खटकावी. कागदी पडदा पुढे-मागे हलतो खरा, पण मोकळ्या हवेवर त्याची पकड बसत नाही. बारीक काठीने होडी हाकता येत नाही, रुंद पात्याचे वल्हेच लागते. तसे हे आहे. भोंगा पडद्याला ते पाते मिळवून देतो. तोच पडदा मग शंभरातले दहा भाग, चांगल्या रचनेत त्याहूनही अधिक, ध्वनीच्या रूपाने परत करतो. त्याला फार हलावे लागत नाही, त्यामुळे आवाजातील विकृतीही कमी होते.

भोंग्याचा आकार ठरविण्याचे गणित वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला परके वाटू नये. ठरावीक अंतर पुढे गेले की नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ ठरावीक पटीने वाढते. चक्रवाढ व्याजाने मुद्दल वाढते, अगदी तसेच. अडचण येते ती तोंडाच्या मापाची. ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते, आणि तोंडाचा परीघ साधारण तेवढा असावा लागतो. म्हणजे व्यास झाला पावणेतीन मीटर! एवढे तोंड घरात आणले तर माणसांनी राहायचे कोठे?

यावरील तोडगा पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्याने अमलात आणला. १९०४ साली इंडियाना राज्यात जन्मलेले क्लिप्श तरुणपणी चिली देशात विजेच्या आगगाड्यांची देखभाल करीत होते. दुसऱ्या महायुद्धात ते आर्कान्सा राज्यातील होप या लहानशा गावी लष्करी चाचणी केंद्रात नेमले गेले, आणि १९४६ साली तेथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आपला व्यवसाय मांडला. (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बिल क्लिंटन त्याच वर्षी त्याच गावी जन्मले, गावाच्या नावाचा अर्थही ‘आशा’.) क्लिप्श यांनी भोंगा खोलीच्या कोपऱ्यात बसविला. जमीन आणि दोन भिंती यांच्या बेचक्यात ध्वनीला पसरायला जागेचा आठवाच हिस्सा उरतो, म्हणून तोंडही एक अष्टमांश पुरते. आतली लांब वाट त्यांनी प्लायवूडच्या पडद्यांनी घड्या घालून पेटीत कोंबली, आणि वाटेचा शेवटचा टप्पा खोलीच्या भिंतींवरच सोपविला. ‘क्लिप्शहॉर्न’ नावाची ही रचना मूळ स्वरूप फारसे न बदलता आजही तयार होते. क्लिप्श २००२ साली, वयाच्या ९८व्या वर्षी निवर्तले.

आपल्याकडील सदनिकेत या युक्तीची पंचाईत होते हे सांगितलेच पाहिजे. दोन भोंग्यांसाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे हवेत. प्रत्यक्षात एका कोपऱ्यात दार असते आणि दुसऱ्यात कपाट. त्यातूनही कोपरा मिळाला तर पेटी भिंतीला घट्ट भिडली पाहिजे. बोटभर फट राहिली तरी खर्ज तेथून गळतो.

आता भिंतींकडे वळू. भोंग्याच्या गळ्याशी हवेचा दाब मोठा असतो. तो पडद्याला जसा आधार देतो तसाच लाकडालाही ढकलतो. ढकललेली फळी आपल्या स्वरात थरथरते आणि मूळ ध्वनी थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहते. तबल्याच्या बायाँवरचा ठोका कलाकाराने तळव्याने दाबून मिटविलेला असतो. भोंग्यातून मात्र त्यामागे एक पुसट ‘हूं’ रेंगाळतो. फसगत अशी की तो ऐकायला वाईट वाटत नाही. आवाज भरदार, ऊबदार झाला असे घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, आणि वर्षभराचे रविवार खर्ची घातलेल्या कारागिराला ते ऐकून समाधान मानावेसे वाटते. पण ती ऊब गायकाची नव्हे, प्लायवूडची असते.

हे ओळखण्याची कसोटी संगीताची नव्हे, बोलण्याची. संगीतात लाकडाचा स्वर मिसळून जातो. माणसाच्या बोलण्यात तो लपत नाही. त्यातही परिचित माणसाचे बोलणे हवे. घरातील ज्या वडीलधाऱ्यांचा आवाज आता केवळ ध्वनिफितीतच उरला आहे, त्यांचे दोन मिनिटांचे बोलणे लावून पाहावे. वडील जर पडसे झाल्यासारखे किंवा रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखे वाटले, तर भोंग्याने त्यांच्या आवाजात स्वतःची भर घातली आहे. तेथे ‘ऊबदार’ हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. आपल्या माणसाचा आवाज जसाच्या तसा परत मिळावा, एवढीच तर या यंत्राकडून अपेक्षा असते.

पहिला उपाय सर्वांना सुचतो तो जाड फळीचा. त्याचे फळ मर्यादित आहे. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा स्वर एक सप्तक वर सरकतो, नाहीसा होत नाही. आडव्या पट्ट्या ठोकून आधारांमधील अंतर निम्मे केले तर तो जवळजवळ दोन सप्तके वर जातो. म्हणजे जाडीपेक्षा पट्टी स्वस्त आणि अधिक गुणकारी. ती बरोबर मध्यावर न ठोकता थोडी बाजूला ठोकावी, नाहीतर दोन्ही भाग एकाच स्वरात गुणगुणू लागतात. खर्जाच्या भोंग्याला सुमारे ४०० हर्ट्झपर्यंतच काम असते. फळीचा स्वर त्याच्या पुष्कळ वर नेता आला तर तिला डिवचणारे कोणी उरत नाही. मात्र फळ्या मोठ्या असल्या की तो मधेच कोठेतरी अडकतो, नेमका माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात, जेथे कान सर्वांत जागरूक असतो.

म्हणून दुसरा उपाय लागतो तो कंप जिरविण्याचा. इंग्लंडमध्ये व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी प्लायवूडच्या दोन पातळ फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरली. फळी हलू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंपनाची उष्णता होऊन जाते. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकवून तुलना श्रोत्यांवर सोपविण्याचे धाडस करणारे हेच गृहस्थ. वाळू ही फुकटात मिळणारी सर्वोत्तम सामग्री म्हणावी. फक्त ती धुऊन, तव्यावर भाजून पूर्ण कोरडी करावी. ओल राहिली तर प्लायवूड फुगते आणि वाळूचे ढेकूळ बनते.

बी.बी.सी.च्या संशोधन विभागाने याहून अनपेक्षित मार्ग धरला. हारवुड आणि मॅथ्यूज यांच्या १९७७ च्या अहवालाचा रोख असा, की फळी मुद्दाम पातळ घ्यावी आणि तिच्यावर डांबरी थर जाड द्यावा. पातळ फळीवर जाड थराचा अंमल चालतो, जाड फळी त्याला जुमानत नाही. प्रथमदर्शनी हे उफराटे वाटते, पण फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिले की खात्री पटते. नुसती जाड फळी ‘टण्ण’ वाजते, डांबर दिलेली पातळ फळी ‘थप्प’ म्हणून विझते. आपल्याकडे मोटारीच्या सजावटीच्या दुकानांत दरवाजांच्या पत्र्याला आतून चिकटविण्याचे जे काळे जाड तक्ते मिळतात ते याच जातीचे. ते भोंग्याच्या बाहेरच्या अंगाने लावावेत. ध्वनीच्या वाटेत मात्र कापूस, लोकर, गालिचा काही घालू नये. तेथे जे शोषले जाईल ते गाण्यातूनच वजा होईल. भोंग्याची आतली बाजू गुळगुळीत आणि कठीणच हवी.

प्लायवूडच्या निवडीतही पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे. स्वस्त फळीच्या मधल्या थरांत पोकळ्या राहिलेल्या असतात. विशिष्ट स्वराला तेथील सुटा पापुद्रा फडफडतो आणि दोष कोठे आहे ते महिनाभर सापडत नाही. आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवूड महाग पडते, पण त्यात या पोकळ्यांचा धोका बराच कमी असतो. सांध्याला स्क्रूबरोबर फेव्हिकॉल सढळ हाताने लावावा. कोरडा सांधा हा शिट्टी वाजविणारा सांधा असतो.

खुद्द क्लिप्श यांच्या कारखान्यालाही भिंतींचा हा प्रश्न चुकला नाही. त्यांच्या ‘ला स्काला’ या भोंग्याचा जन्म १९६३ च्या सुमारास विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या निवडणूक प्रचारासाठी झाला. प्रचाराचे भोंगे सतत हलवावे लागतात, त्यामुळे पाऊण इंची प्लायवूडची सुटसुटीत रचना तेथे योग्यच होती. पण क्लिप्शहॉर्नमध्ये आतल्या घड्याच एकमेकींना आधार देतात. ला स्कालाच्या बाजूच्या मोठ्या फळ्या तोंडाशी निराधार राहतात. तो घरात आल्यावर त्या फळ्यांचे गुणगुणणे ऐकू येऊ लागले. मालकांनी दोन बाजूंच्या मधोमध दांडके बसविले, बाहेरून दुसरी फळी चिकटविली. पुढे कंपनीनेच सुधारित आवृत्तीत या फळ्या एक इंच जाडीच्या केल्या.

घरी बांधणाऱ्याला ही सोय पहिल्याच दिवशी असते, कारण त्याचा भोंगा गाडीवर चढायचा नसतो. दोन पातळ फळ्या, मध्ये भाजलेली वाळू, तोंडाशी एक आडवे दांडके, एवढे त्याने आराखड्यातच धरून चालावे. वाळू मात्र पेटी कोपऱ्यात नेऊन ठेवल्यावरच भरावी. आधी भरली तर ती उचलण्यासाठी चार शेजाऱ्यांना हाक मारावी लागते.