गंधावरून अनुमान

न्यायशास्त्राच्या पाठशाळेत अनुमानाचा पहिला पाठ पर्वतावरच्या धुरापासून सुरू होतो. धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, असे विद्यार्थी शिकतो, आणि त्या निष्कर्षाप्रत येण्याची त्याला काहीही घाई नसते. कारण अग्नी दूर डोंगरावर असतो आणि तो स्वतः आचार्यांसमोर निश्चिंत बसलेला असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत आपली माणसे बसवून घाट चढणाऱ्या गृहस्थाला मात्र त्याच शास्त्राचा आश्रय निराळ्या निकडीने घ्यावा लागतो. अग्नी प्रकट होण्यापूर्वी, धूर निघण्यापूर्वी, केवळ गंधाच्या आधारावर त्याला कारणाचा शोध लावावा लागतो.

पेट्रोल हा द्रव स्वभावतःच चंचल आहे. शून्याखाली सुमारे 40 अंशांच्या थंडीतदेखील ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ तो सोडतो. ही वाफ हवेहून तिपटी-चौपटीने जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत, आसनांखाली, तळघरातील वाहनतळाच्या कोपऱ्यांत साचून राहते. आणि हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडपासून साडेसातपर्यंत झाले की पेटण्यास एक ठिणगी पुरते. त्या प्रमाणाच्या कितीतरी अलीकडे, अत्यल्प अंशातही, ती आपल्या नाकाला कळते, हे निसर्गाचे आपल्यावर मोठेच उपकार होत. परंतु हे इंद्रिय जितके तीक्ष्ण तितकेच लवकर थकणारे. एकाच गंधात काही काळ राहिले की ते त्याची दखल घेणे सोडून देते, आणि म्हणून रोज गाडी हाकणाऱ्याच्या साक्षीपेक्षा नुकतेच दार उघडून आत बसलेल्याची साक्ष अधिक ग्राह्य मानली पाहिजे.

आमच्या घरच्या एसयूव्हीच्या बाबतीत ही साक्ष आत्याने दिली. पुण्याहून टाकी पूर्ण भरून निघालेले आम्ही तिला वाईस गाडीत घेतले, आणि पसरणीच्या घाटाची पहिली वळणे संपतात न संपतात तोच ती मागच्या आसनावरून म्हणाली, "अरे, रॉकेलसारखं काहीतरी येतंय. आधी मुलांना खाली उतरव." आम्ही थांबलो, इंजिन बंद केले, दारे उघडली, गाडीखाली वाकून पाहिले, कोठे थेंबही गळत नव्हता. पुढे इंधन अर्ध्यावर उतरल्यावर तो वास आपोआप नाहीसा झाला, आणि पुन्हा टाकी भरताच परत आला.

एका कार्यशाळेने टाकीचे झाकण बदलले, हिशेब चुकता करून घेतला आणि गाडी परत दिली. वास होता तसाच राहिला. त्यानंतर सातारा रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्याराला हात लावण्यापूर्वी माझी रीतसर जबानीच घेतली म्हणावयास हरकत नाही. वास रोज येतो की टाकी भरली की? पुढून येतो की मागून? सकाळी पहिल्याने गाडी चालू करताना, उन्हात उभी असताना, की चढावर? मी उत्तरे देत गेलो आणि ते मान हलवीत गेले. प्रत्येक प्रश्नामागे एकेक संशयित उभा होता. थंडीत पहिल्या सुरुवातीला पुढून दरवळ आला, तर इंजेक्टरांच्या कडक झालेल्या रबरी कड्यांकडे बोट जाते, कारण तेथे इंधन वातावरणाच्या तीन-चार पट दाबाने उभे असते. उन्हात थांबलेल्या गाडीतून आला, तर वाफ साठविणाऱ्या कोळशाच्या डब्याचा संशय घ्यावा. भरताना आला, तर तोंडापासून टाकीपर्यंतच्या होजचा. भरलेल्या टाकीत व चढावर येतो, अर्ध्या टाकीत व सपाटीवर येत नाही, हे कळताच त्यांनी टाकीच्या माथ्याचे नाव घेतले. अन्वय आणि व्यतिरेक यांचा इतका शुद्ध प्रयोग मी ग्रंथांबाहेर क्वचितच पाहिला असेल.

त्या कोळशाच्या डब्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. लॉस एंजेलिसच्या आकाशात डोळे चुरचुरविणारे जे दाट धुके दाटत असे, त्याचे मूळ शोधणारा आरी हागेन-स्मिट हा रसायनज्ञ त्यापूर्वी अननसाचा सुगंध कोणत्या द्रव्यांनी बनतो याचा अभ्यास करीत होता. न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ते धुके जन्मते, हे त्याने 1950 च्या सुमारास दाखवून दिले. आणि 1970 च्या मोटारींपासून कॅलिफोर्नियात टाकीची वाफ अडविणे सक्तीचे झाले. फळाच्या परिमळापाशी बसलेल्या माणसाने एका शहराच्या श्वासाची चिकित्सा करावी, ही घटना मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत हृद्य घटनांपैकी एक वाटते. आजही टाकीतली वाफ त्या डब्यातील कोळसा शोषून घेतो आणि इंजिन चालू असताना ती ओढून जाळली जाते. पंपावर नळी आपण होऊन बंद पडल्यावरही आग्रहाने आणखी भरणारा मनुष्य द्रवरूप पेट्रोल त्या कोळशात लोटून त्याची शक्तीच नष्ट करतो.

दुरुस्ती उघड्या अंगणात झाली. टाकी अर्ध्याहून रिकामी आणि इंजिन थंड असल्याची खात्री करून मिस्त्रींनी टाकीतील इंधनपंपाचा फ्यूज काढला, नळीतला दाब संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवले, मग बॅटरीचे ऋण टोक सोडविले, आणि त्यानंतरच मागचे आसन उचलले. खालचे झाकण निघाले तेव्हा पंपाच्या कड्याभोवती साचलेली धूळ एका बाजूस चंद्रकोरीसारखी ओली दिसली. गाडी चढावर मागे कलली की भरलेल्या टाकीतले इंधन त्याच बाजूस पोचत होते, आणि तेथील सील कडक होऊन केसाएवढे चिरले होते. धूळ आत पडू नये म्हणून त्यांनी प्रथम ती पुसली, खाच स्वच्छ केली, नवे सील बसविले आणि कडे बेताने आवळले. जुने सील पुन्हा वापरण्याचा विचारदेखील त्यांनी केला नाही, कारण पेट्रोल पिऊन फुगलेले रबर एकदा बाहेर निघाले की आपल्या जागी नीट बसत नाही. मग टाकी काठोकाठ नव्हे, पण नळी बंद पडेपर्यंत भरून, चढाच्या रस्त्याने फेरी मारून त्यांनी ते कडे पुन्हा तपासले. ते कोरडे होते. पुढच्या खेपेस आत्या पसरणीच्या घाटात मागेच बसली होती, आणि वास नसल्याचा तिचा दाखला मी मिस्त्रींच्या कानावर आवर्जून घातला.

वाचकांना एवढीच विनंती आहे की गाडीत पेट्रोलचा वास आला तर तो अत्तराच्या कुपीने झाकू नये. त्या पेट्रोलमध्ये बेंझिन असते, आणि भारतात त्याची कायदेशीर मर्यादा शेकडा 1 असली तरी कर्करोग जडविणाऱ्या द्रव्यांत त्याची निःसंशय गणना झालेली आहे. प्रथम माणसे उतरवावीत, इंजिन पुन्हा चालू करू नये, गाडी बंद गॅरेजात ठेवू नये, आणि वास केव्हा येतो व केव्हा येत नाही हे कागदावर टिपून मगच मिस्त्रीला बोलवावे.