एक छर्रा कमी

गेल्या वर्षी, कॉलेजात नवीन असताना, वर्गातल्या मैत्रिणींनी मला विचारले होते, "तुला भावंडं किती गं?" मी म्हणाले, "कुणी नाही. मी एकटीच." ते उत्तर मला कितीतरी रात्री टोचत राहिले. कारण मला एक धाकटा भाऊ आहे. अकरा वर्षांचा. आम्ही त्याला बाळ्या म्हणतो.

माझे वडील तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर सायकली दुरुस्त करतात. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप आणि पंक्चर पाहायला पाण्याचे घमेले. बाळ्याचा दिवस तिथेच जातो. डब्यातले नट, वायसर, छर्रे तो पोत्यावर ओळीने मांडतो, लहानापासून मोठ्यापर्यंत. ओळ मोडली की कानांवर हात ठेवून ओरडतो. हाक मारली तर वळून पाहत नाही. बोलतो ते दोन-चार शब्द, तेही भिंतीकडे पाहून. आईने त्याच्यासाठी नवस केले, दोरे बांधले. पुढे जिल्ह्याच्या इस्पितळातील डॉक्टर म्हणाले, मूल स्वमग्न आहे. दुसरीपर्यंत तो शाळेत गेला. मग एके दिवशी गुरुजींनी वडिलांना सांगितले, "घरीच बरा आहे तो." स्वमग्नतेचा समावेश असलेला दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालीच झाला होता, पण तो ना गुरुजींना ठाऊक होता, ना आम्हाला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मी मानसशास्त्र का घेतले, असे सरांनी विचारले तेव्हा "आवडते म्हणून" असे म्हणाले. खरे कारण बाळ्या होता. ग्रंथालयात बसून मी वाचू लागले. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन केले. ती वर्णने वाचताना वाटले, हे आमच्या दुकानात कधी येऊन बसले होते?

पण माझे मन अडकले ते दुसऱ्याच एका हकिकतीत. हवाई बेटांवरील होनोलुलू येथे डॅनियल लेगॉफ नावाचे मानसशास्त्रज्ञ स्वमग्न मुलांवर उपचार करीत. त्यांच्याकडे येणारी दोन मुले एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा बाहेर थांबली असताना दोघांनीही घरून लेगोचे, म्हणजे एकमेकांत बसणारे, ठोकळे आणले होते. आणि त्या ठोकळ्यांवरून ती एकमेकांशी बोलू लागली! यातूनच लेगॉफ यांनी खेळगटाची पद्धत बसवली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन मुले, तीन कामे. एकाजवळ नकाशा, त्याने कोणता ठोकळा हवा ते सांगायचे. दुसऱ्याने तो शोधून द्यायचा. तिसऱ्याने बसवायचा. मग कामे बदलायची. भांडण झाले तर मोठ्यांनी निवाडा करायचा नाही. तोड मुलांनीच काढायची. "बोल, बोल" असे कुणी मुलाच्या मागे लागत नाही. बोलल्याशिवाय आणि वाट पाहिल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही.

हा काही चमत्कार नव्हे. इंग्लंडमधील ९८ शाळांतल्या २५० मुलांना घेऊन या पद्धतीची कसोटी पाहिली गेली. २०२३ साली तिचे निष्कर्ष आले, ते असे की फायदा होतो, पण थोडा. आमच्यासारख्यांना थोडाही पुष्कळ असतो.

लेगोचे खोके आम्हाला परवडणारे नव्हते. पण दुकानात हब होते, छर्रे होते. दिवाळीच्या सुटीत शेजारची पाचवीतली मुलगी आणि चहावाल्या काकांचा मुलगा यांना मी बोलावले. पुढच्या चाकाचा हब जोडायचा. दोन्ही बाजूंना दहा-दहा छर्रे. एकाने सांगायचे, एकाने द्यायचे, एकाने ग्रीसमध्ये बसवायचे. पहिल्या दिवशी बाळ्याने सगळे छर्रे ओढून घेऊन ओळ लावली. मुलगा "वेडाच आहे हा" म्हणत उठला. माझ्या तोंडावर शिवी आली होती, पण ती गिळून मी म्हणाले, "मग आता काय करायचं, तुम्हीच सांगा." मुलगी थोडा विचार करून म्हणाली, "त्यानं ओळ लावलीच आहे, तर द्यायचं काम त्यालाच देऊ या की!"

हे मला, मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला, सुचले नव्हते!

आठव्या दिवशी मुलगी बसवत होती, बाळ्या एकेक छर्रा देत होता. तिने शेवटचा बसवला आणि ॲक्सल घालायला घेतला. इतक्यात बाळ्या म्हणाला, "एक कमी."

एक छर्रा तिच्या नकळत धुळीत घरंगळला होता. बाळ्याने तिच्या तोंडाकडे पाहिले नाही. तिच्या हाताकडे पाहिले. पण परक्या मुलाशी तो आयुष्यात प्रथमच बोलला होता. तिघांनी मिळून छर्रा शोधला. वडील पंपाकडे तोंड करून उभे राहिले आणि हवा भरलेल्या चाकात पुन्हा हवा भरू लागले.

स्वमग्न म्हणजे स्वतःत मग्न. मला वाटते, बाळ्या छर्र्यांत मग्न होता आणि तो होता तिथे जाऊन आमच्यापैकी कुणी बसलेच नव्हते. आजही एस. टी.चा भोंगा वाजला की तो कान झाकून ओरडतो. येत्या जूनमध्ये वडील आणि मी पुन्हा शाळेत जाणार आहोत. त्या कायद्याची प्रत मी काढून ठेवली आहे. गुरुजी काय म्हणतील, कोण जाणे! वडिलांचा हात मात्र या वेळी मी धरणार आहे.

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी मी तुम्हाला दिलेल्या उत्तरातही एक कमी होता. तो आज भरून काढते आहे.

(द्वितीय वर्ष, कला)