उशीतील पिसे

पवित्र शास्त्रात उशीला फारसे स्थान नाही. याकोबाने उशाला दगड घेतला. प्रभू येशू वादळात सापडलेल्या नावेच्या मागच्या भागी उशी घेऊन निजला होता, एवढे संत मार्क नोंदवितो (४:३८). तरीही माणसाच्या दुःखाची जवळची साक्षीदार उशीच होय. आजारी माणसाचा घाम आणि विधवेचे अश्रू तीच टिपून घेते.

आमचा वाशिम जिल्हा कापसाचा. येथील उशी कापसाची, क्वचित सावरीची. ती कुणी धूत नाही. उन्हाळ्यात खोळ उसवावी, कापसाला ऊन द्यावे, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा आणि पुन्हा भरावा, ही येथील रीत. त्यामुळे आमच्या धर्मग्रामातील एका घरी परदेशी नोकरी करणाऱ्या मुलीने वडिलांच्या आजारपणात पिसांची उशी आणली, तेव्हा ती एक नवलाची वस्तू ठरली. वडील त्याच उशीवर डोके ठेवून प्रभूघरी गेले. उशीत घाम आणि औषधांचा दर्प मुरला होता. मे महिन्यात सुनेने ती धुवायला काढली.

पिसांची उशी धुणे हे धीराचे काम आहे. आधी खोळीची शिवण तपासावी; एक टाका सुटला तरी घरभर पिसे होतात. कोमट पाण्यात सौम्य साबण कालवून उशी हलक्या हाताने दाबीत राहावे. जहाल साबणाने पिसांचा अंगचा स्निग्धपणा जातो. मग साबण पुरता निघेपर्यंत स्वच्छ पाणी बदलावे. पिळू मात्र नये. दोन पंचांमध्ये दाबून पाणी काढावे. खरी कसोटी वाळविण्यात असते. ओली पिसे एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात. वरची खोळ तासाभरात कोरडी लागते, पण आत ओल दडून राहिली तर उशीला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. म्हणून ती वरचेवर झटकावी, उलटावी, बोटांनी गाठी मोकळ्या कराव्यात. आमच्याकडच्या कडक उन्हातही याला दोन-तीन दिवस लागतात.

या तीन दिवसांत निराळेच घडले. उशी खोलीत दिसेना, एवढ्यावरून कुणीतरी म्हणाले, “सासऱ्याची उशी सुनेने उकिरड्यावर टाकली.” उशी गच्चीवर वाळत होती, शब्द मात्र रविवारच्या मिस्सापूर्वीच अर्ध्या गावात पोहोचला होता. सून प्रार्थनेला आली, पण मागच्या बाकावर बसली आणि ख्रिस्तप्रसाद न घेताच परतली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. सासूबाई स्वतः गच्चीवर बाजेपाशी बसून उशी उलटीत होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दिसत होत्या. आम्हाला पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “आतून अजून ओली हाये, फादर. सून म्हणते, घाई नाही करायची.”

संत फिलिप नेरी यांची कथा तेथे आठवली. २६ मे हा त्यांचा सण. १५९५ साली याच दिवशी रोममध्ये त्यांचे देहावसान झाले. परनिंदा करणाऱ्या एका बाईला त्यांनी प्रायश्चित्त दिले, असे सांगतात: कोंबडीची पिसे उपटीत रस्त्याने चाल. ते झाल्यावर त्यांनी आज्ञा केली, आता ती सारी वेचून आण. वाऱ्याने नेलेली पिसे कोण वेचणार?

खोळीत राहिलेली पिसे कितीही मळली तरी पाणी, ऊन आणि धीर यांनी पुन्हा शुभ्र होतात. मनातील मळाचेही तसेच आहे. त्यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे. पण तोंडातून सुटलेला शब्द संस्कारानेही परत येत नाही. बोलणाऱ्याला क्षमा मिळते, मात्र ज्याच्याविषयी बोललो त्याच्या दारी जाऊन खरे सांगणे शिल्लक उरते. वाचकहो, त्या सुनेच्या दारी अजून कुणी आलेले नाही.