बगळ्याचा गुडघा

मराठी वाङ्मयातला बगळा बहुधा एका पायावर उभा असतो, आणि उभा असतो तो ढोंगी म्हणून. बकध्यान हा शब्दच पाहा. नीतिकथांपासून आपण त्या पायाकडे नैतिक दृष्टीने पाहत आलो. पाय म्हणून त्याची चौकशी क्वचितच झाली. (टिटवीचीही तीच गत. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी टिटवी पंचतंत्रातून आपल्या बोलण्यात आली. प्रत्यक्षात ती जमिनीवर वावरणारी. तिचे मागचे बोट नावापुरतेच, फांदी धरण्याच्या कामाचे नव्हे.)

कामशेतला आमच्या खाचरांत आवणीच्या दिवसांत गायबगळे आणि ढोकऱ्या उतरतात. चिखलातून पाय उचलताना त्यांचा गुडघा मागे मोडतो, आपल्या नेमका उलट. वर्गात कवितांमधल्या पक्षिप्रतिमा शिकवत असताना एका विद्यार्थिनीने हा उलटेपणा का, असे विचारले. उत्तर मला पुस्तकाआधी आईच्या सुरीने दिले. कोंबडी सोडवताना मांडी आणि तंगडी जिथे सुटतात तिथे तिने बोट ठेवले. "हा गुडघा. खालचा खवल्यांचा भाग ते पाऊल. गुडघा काय बाहेर दिसतो व्हय?"

तिचे म्हणणे शरीरशास्त्राला धरूनच होते. आपण ज्याला उलटा गुडघा समजतो तो पक्ष्याचा घोटा. त्याखालची लांब काडी म्हणजे नडगी नव्हे. ती पावलाचीच हाडे, एकजीव होऊन उंचावलेली. पक्षी जन्मभर टाच उचलून बोटांवर चालतो. खरा गुडघा पोटालगत पिसांत दडलेला असतो आणि मुकाट्याने आपल्यासारखाच पुढे वाकतो. मांडीचे हाड जवळजवळ आडवे असते. अंगाचा भार पुढच्या बाजूला आणि तोल साधायला जड, लांब शेपूट नाही, म्हणून पावले भाराच्या खाली आणायची तर ही आडवी मांडीच उपयोगी पडते. त्यामुळे सावकाश चालताना पक्ष्याची मांडी फारशी हलत नाही. पाऊल मुख्यतः गुडघ्यातून पुढे पडते. आपण मात्र खुब्यातून पाय टाकतो.

फांदीवर झोपलेला पक्षी पडत का नाही, याचे उत्तरही बराच काळ सांध्यांतच शोधले गेले. बोटे मिटवणाऱ्या कंडरा घोट्याच्या मागून जातात. पक्षी खाली बसला की त्या ताणल्या जातात आणि बोटे आपोआप आवळली जातात, असे पाठ्यपुस्तकांत असे. बोटांतल्या कंडरेवरचे खडबडीत उंचवटे भोवतीच्या आवरणातल्या वळ्यांत अडकतात, हेही खरे. पण 2012 साली साळुंकीच्या कुळातल्या युरोपीय स्टार्लिंगवर झालेल्या प्रयोगांत नुसते पाय दुमडल्याने बोटे मिटत नाहीत असे दिसले. सुबक स्पष्टीकरणांचे असे व्हायचेच. समीक्षेत आपण ते रोज पाहतो.

एका पायाची गोष्ट त्याहून नवलाची. भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या जातभाईंवर अमेरिकेत संशोधन झाले, ते 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मेलेला रोहित एका पायावर उभा करता आला, दोन पायांवर नाही. म्हणजे स्नायूंनी काहीच जोर न लावता नुसत्या हाडासांध्यांच्या बैठकीवर तो देह पेलला गेला. बगळ्याला हे जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, पण ढोंगाच्या आरोपाचा फेरविचार करायला एवढे पुरे.

हे सारे मी आईला सांगितले तेव्हा तिचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळले: पक्षी उकिडवा बसतो तीच त्याची विश्रांती. गेली दोन वर्षे तिला उकिडवे बसता येत नाही. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे. आवणी तर सुटलीच. जमिनीवरून उठायचे तर भिंतीचा आधार लागतो. सांधे बदलावेत असे डॉक्टर म्हणतात. मात्र त्यानंतरही उकिडवे बसू नये, असे त्यांनी आधीच बजावले आहे. शस्त्रक्रियेची तिला भीती नाही, तिची हरकत या अटीला आहे.

"मग बांधावरचं गवत काय उभ्यानं कापायचं?" ती विचारते. भात निघाल्यावर बघू, असे तूर्त ठरले आहे.