खाली माणिकगड, वर गडचांदूर

दोन मजल्यांची रेल्वे मी केली ती कापसापायी. कोरपन्याच्या आमच्या घरातली मागची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. पहिली वेचणी झाली की कापूस त्या खोलीत येतो आणि भाव मनासारखा होईपर्यंत तिथेच मुक्काम करतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती खोली मागितली, तेव्हा बायकोने सरळ वाटणी करून दिली : "भिंती तुमच्या, जमीन कापसाची." फळीखाली कापूस राहील, मधे माणूस फिरेल एवढी वाट राहील, आणि रेल्वे काय ती भिंतीला धरून धावेल, असा तह झाला.

छोट्या रेल्वेचं वेड मला पुण्यात लागलं. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे एका अख्ख्या शहरात गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, रात्र पडते, दिवे लागतात. प्रेक्षक भोवती बसून सगळं एकाच वेळी पाहतात. ते पाहून मी भारावलो, पण घरी येईपर्यंत एक गोष्ट मनात पक्की झाली होती. मला देखावा नको होता. मला गाडीबरोबर चालायचं होतं. स्टेशनातून निघालेली गाडी कुठेतरी जावी, तिथे तिचं काही काम असावं, ते उरकून तिने परत यावं.

इथेच हिशेब आडवा आला. मी निवडलेलं प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. खोलीच्या चारही भिंतींची लांबी ४४ फूट. दार वगळलं तर साधारण साडेबारा मीटर. त्याला ८७ ने गुणा, हाती येतो जेमतेम एक किलोमीटर. कोळशाच्या बॉक्सएन वाघिणी आपल्याकडे ५८-५९ च्या रेकने धावतात. एक वाघीण पावणेअकरा मीटरची, म्हणजे रेक सव्वासहाशे मीटरच्या आसपास. तो ८७ ने लहान केला तरी सात मीटर भरतो. गाडीचं शेपूट स्टेशनातून सुटायच्या आत तोंड पुढच्या स्टेशनात. म्हणून पहिला निर्णय गाडीच्या लांबीचा घेतला : दहा वाघिणी, एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि मागे गार्डचा डबा. ही झाली दीड मीटरची गाडी. स्टेशनातल्या लूप लाइनी, साइडिंग, सांध्यांमधलं अंतर, सगळं या दीड मीटरवरून ठरलं.

रुळांच्या रुंदीबाबत मात्र तडजोड केली. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओ प्रमाणात तो १९ मिलिमीटरच्या वर जातो. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेले. स्वतः रूळ ठोकायचे ठरवलं तर सांधेसुद्धा स्वतः करावे लागतात. मी तयार रूळ घेतले. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक हेच करतात. इंजिनाचा चेहरा आणि रंग बरोबर असला की डोळा तेवढं अंतर माफ करतो.

आता प्रश्न जागेचा. भिंतीवर एक फळी मिळून एक किलोमीटर, तर दोन फळ्या मिळून दोन. सुताराने माप घेता घेता विचारलं, "सर, दोन माळे कायले पाहिजे? एकच रुंद करा ना." रुंद केली तर हात पोचत नाही. काठापासून साठ-पासष्ट सेंटिमीटरपलीकडे घसरलेला डबा उचलायला गेलं की पुढची झाडं आणि सिग्नल कोपराने आडवे होतात. खालची फळी ६० सेंटिमीटर रुंद ठेवली, वरची फक्त ४०, कारण वरची तेवढीच रुंद असती तर तिच्या सावलीत खालचं काही दिसलं नसतं. खालची जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर, वरची १३५ वर. वरच्या फळीची जाडी शक्य तेवढी कमी हवी, म्हणून लाकडी चौकटीऐवजी भिंतीत लोखंडी अँगल बसवून घेतले आणि तिच्या पोटाशी एलईडीची पट्टी लावली. दोन मजली मांडणीत वरचा मजला म्हणजे खालच्याचं आभाळ. उजेड तिथूनच यायचा.

एवढं ठरलं, पण खरा प्रश्न तसाच होता. खाली काय आणि वर काय?

पुस्तकातले बहुतेक दोन मजली आराखडे डोंगराचे असतात. खाली दरी, वर घाटमाथा. मलाही बोरघाटाचा मोह झाला. १८६३ साली सुरू झालेला तो घाट ३७ ला १ असा चढतो, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. बोगदे, पूल, मागून ढकलणारी इंजिनं, सगळा मसाला तयार. पण मी राहतो कोरपन्यात. माझ्या डोळ्यांतली रेल्वे म्हणजे नागपूर–काझीपेठ मार्ग. १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ दुवा जोडला गेला आणि दिल्ली–मद्रास हा सलग रस्ता झाला, तो. बल्लारशाह सोडलं की वर्धा नदीचा पूल, मग माणिकगड, विहीरगाव, विरूर. आणि माणिकगडहून आमच्या बाजूला वळणारा मालगाड्यांचा फाटा. १९८० च्या दशकात गडचांदूर आणि आवारपूर इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले, नंतर उपरवाहीला. या भागात चुनखडी आहे, कोळशाच्या खाणी शेजारी आहेत, म्हणून कारखाने आले आणि त्यांच्यासाठी रूळ आले. माणिकगडचे डोंगर मागे दिसतात, पण रेल्वे त्यांच्यावर चढत नाही. ती कापूस, तूर, सोयाबीनच्या सपाट शेतांतून जाते.

मग सपाट मुलखाचे दोन मजले कसे करायचे? या प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडून होतो. उत्तर मिळालं ते भूगोलाकडे दुसऱ्या नजरेने पाहिल्यावर. दोन फळ्यांमधले ४० सेंटिमीटर म्हणजे उंची आहे, असं मी धरून चाललो होतो. ते अंतर आहे असं धरलं की सगळं जागेवर बसतं. खाली मुख्य मार्ग : बल्लारशाहचा एक तुकडा, नदीचा पूल, माणिकगड. वर गडचांदूर आणि कारखाना. या दोहोंमधली जी शेतं मी दाखवू शकत नाही, ती गाडीने नजरेआड कापायची. माणिकगडचा सिग्नल ओलांडून गाडी दिसेनाशी झाली आणि काही वेळाने वेगळ्याच ठिकाणी उगवली, की पाहणाऱ्याला ती चढली असं वाटत नाही. ती दूर गेली असं वाटतं.

हा नजरेआडचा रस्ता म्हणजे हेलिक्स. चक्री जिन्याने वरच्या माळ्यावर जावं तशी गाडी एका कोपऱ्यात गोल गोल फिरत वर जाते. मांडणीतला सर्वांत महागडा आणि सर्वांत न दिसणारा भाग हाच. एका फेरीत गाडी किती वर चढेल हे खालच्या फेरीतल्या गाडीच्या टपावरून ठरतं. गाडीला साडेसात सेंटिमीटरची मोकळी उंची, १२ मिलिमीटरचं प्लायवूड, वर कॉर्क आणि रूळ; एकूण साडेनऊ सेंटिमीटर. त्रिज्या ६० सेंटिमीटर घेतली तर एका फेरीचा घेर ३७७ सेंटिमीटर. भागाकार केला की चढ निघतो ४० ला १. बोरघाट टाळला, तरी चढ जवळजवळ बोरघाटाचाच पदरी आला.

त्रिज्या वाढवली तर चढ सौम्य होतो, पण खोली संपते. ६० सेंटिमीटरच्या हेलिक्सनेच खोलीचा सहावा हिस्सा खाल्ला. खऱ्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, त्रिज्या १७५ मीटर. एचओमध्ये ती दोन मीटर होते. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ या खोलीत मावतच नाही. म्हणून तीव्र वळण मी फक्त हेलिक्सच्या आत दडवलं. जे दिसतं तिथे वळणं जमतील तेवढी सैल ठेवली.

मी वर्षानुवर्षं उतरत्या पृष्ठभागाची गणितं मुलांना शिकवली आहेत. आता तेच गणित पोटतिडकीने सोडवलं. शंभर ग्रॅमच्या दहा वाघिणी म्हणजे एक किलो. ४० ला १ चढावर त्यांना वर ओढायला २५ ग्रॅम वजनाएवढं बळ. चाकांचं घर्षण अंदाजे तेवढंच. सतत वळणावर असल्याने चाकाची कड रुळाला घासते, ते वेगळं. इंजिनाचं स्वतःचं वजनही चढवायचं. बेरीज पाऊणशे ग्रॅमच्या आसपास जाते, आणि ४०० ग्रॅमचं इंजिन चाक न घसरता साधारण ८० ते १०० ग्रॅम ओढतं. जमतं, पण काठावर. दहाच्या जागी पंधरा वाघिणी हव्या असतील तर दोन इंजिनं जोडावी लागतील. दीड मीटरची गाडी ठरवली होती जागेकडे पाहून. चढानेही तिच्यावरच शिक्कामोर्तब केलं.

वाघिणींचं वजन सारखं असणंही तितकंच महत्त्वाचं. पुढची वाघीण हलकी आणि मागच्या जड असल्या, की वळणावर ताण आतल्या बाजूला खेचतो आणि हलकी वाघीण आत कलंडते. प्रत्येक वाघीण तराजूवर तोलून आत शिसं चिकटवलं. सपाटीवरून चढ एकदम सुरू झाला तर कपलिंग सुटतात, म्हणून सुरुवातीचा अर्धा मीटर हळूहळू उचलला. फेऱ्या टांगल्या आठ मिलिमीटरच्या आटेदार सळयांवर. नट फिरवला की त्या जागची उंची केसभर कमी-जास्त करता येते, हा त्यांचा मोठा गुण. मधली जागा पोकळ ठेवली. आत गाडी घसरलीच तर खालून शिरून उभं राहता येतं.

सव्वाचार फेऱ्यांत १६ मीटर रूळ लागतो. मालगाडी ताशी ३० किलोमीटरने धरली तर मॉडेलमध्ये ती सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर चालते. म्हणजे ती पावणेतीन मिनिटं गायब. ऐकायला थोडा वेळ, पण रिकाम्या रुळाकडे पाहत उभं राहिलं की कळतं. भाचा म्हणाला, "मामा, अटकली काय गाडी?" मी म्हटलं, राजुऱ्याच्या बाजूला आहे, येईल.

कापसाने आपले नियम घातले. कापूस खोलीत असताना सोल्डरिंग नाही. २३० व्होल्ट खोलीत शिरतच नाही. अडॅप्टर बाहेरच्या पडवीत, आत फक्त १५ व्होल्ट, आणि शॉर्ट झालं की क्षणात तुटणारा ब्रेकर. कापसाचे तंतू चाकांच्या आसांत गुंडाळले जातात, म्हणून तो असेपर्यंत रुळांवर पातळ प्लास्टिक. बांधकामाला उरतो उन्हाळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात रूळ टाकण्याचा एक फायदा झाला. धातू तेव्हा पुरता प्रसरण पावलेला असतो. रुळांमधल्या फटी जवळजवळ बंद ठेवल्या तरी चालतात आणि थंडीत त्या आपोआप उघडतात. हिवाळा-उन्हाळ्यात ३५ अंशांचा फरक धरला तर एक मीटर रूळ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. १६ मीटरच्या हेलिक्समध्ये तो जवळजवळ एक सेंटिमीटर होतो. थंडीत रूळ टाकताना तेवढी जागा दिली नाही तर उन्हाळ्यात रूळ स्वतःच वाकून जागा करून घेतो.

गाड्यांचं काम मात्र मनासारखं जमलं. बंद बीसीएन वाघिणी रिकाम्या वर जातात, सिमेंट भरून खाली येतात. बाहेरून फरक दिसत नाही, म्हणून कागदावर नोंद ठेवली की पुरे. कोळशाचं तसं नाही, उघड्या वाघिणीत तो दिसतो. त्यासाठी फोमच्या ठोकळ्यांवर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवून ते वाघिणीत बसवले. वर कारखान्यात ते काढायचे, खाली खाणीच्या साइडिंगवर पुन्हा घालायचे. या दोन कामांतून दिवसभराचं वेळापत्रक तयार झालं.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक ओळखीचे गृहस्थ ते वेळापत्रक पाहायला आले. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "गुरुजी, फाट्यावर पॅसेंजर कुठे आहे?" नाही. खऱ्या फाट्यावरही ती नाही. आमच्या तालुक्यातून सिमेंट रेल्वेने जातं आणि माणसं एसटीने. गडचांदूरहून आदिलाबादपर्यंत मार्ग पुढे न्यावा ही इथली जुनी मागणी आहे. तो झाला तर कोरपना नकाशावर रुळांच्या जवळ येईल.

वरच्या मजल्यावर गडचांदूरच्या पुढे दारापर्यंत एक मीटर भिंत मोकळी होती. तिथे कोरपना स्टेशन करा, असं भाच्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. मी रूळ टाकले नाहीत. जे नाही ते दाखवायचं नाही, हा या मांडणीचा नियम आहे. पण लोखंडी अँगल त्या भिंतीतही बसवून घेतले, फळी टाकली, तारा ओढल्या, आणि गडचांदूरच्या शेवटच्या लाइनीला बंद टोकाऐवजी सांधा लावला. दोन मजली मांडणीत नंतर भिंत फोडणं फार महागात पडतं. सोय आधीच करून ठेवली, की उरतं ते फक्त मंजुरीचं काम, आणि ते माझ्या खोलीतलं नाही.