उत्तनचा वारा, गुलमर्गचा बर्फ

भाईंदरला बर्फ पडत नाही. इथे पांढरं काही दिसलंच, तर ते मीठ! एकेकाळी हे गाव ओळखलं जायचं तेच मुळी मिठागरांसाठी. टॉवर्सच्या गर्दीत त्यातली थोडीफार अजून तग धरून आहेत. उन्हाळ्यात मिठाचे ढीग रचले की क्षणभर वाटतं, हिमालयाचं मिनी मॉडेलच कुणीतरी मांडून ठेवलंय. बाकी थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस पंख्याचा स्पीड दोनवर, एवढीच.

पण बर्फावरच्या एका भन्नाट खेळाचं अर्धं सामान मीरा-भाईंदरकडे आहे, आणि तेही फुकट. ते म्हणजे वारा. संक्रांतीला शांतीनगरपासून नवघरपर्यंतच्या गच्च्या आठवा. स्पीकर, उंधियू, तिळगूळ, आणि आकाशात पाय ठेवायला जागा नाही. गुजराती, मारवाडी, मराठी, सगळे एका मांजाने बांधलेले. आता त्या पतंगाला दहा चौरस मीटरचा करा, तुमच्या कमरेला बांधा आणि पायात स्की घाला. झालं स्नोकाइटिंग!

आयडिया नवी नाही. नॉर्वेच्या फ्रिड्जॉफ नान्सेनने १८८८ मध्ये ग्रीनलँड ओलांडताना स्लेजवर शीड लावून वाऱ्याकडून काम करून घेतलं होतं. त्याच देशाच्या बोर्ग औसलँडने १९९६-९७ मध्ये अंटार्क्टिका एकट्याने पार केला, तेव्हाही वाऱ्याची मदत घेतली. आज नॉर्वेचं हार्डांगरविड्डा पठार आणि फ्रान्समधला कोल द्यू लोतारे हा घाट म्हणजे या मंडळींचं पंढरपूर. मजा अशी की इथे डोंगर चढायला लिफ्ट लागत नाही. पतंगच तुम्हाला वर खेचतो. सपाट पठार, गोठलेलं तळं, काहीही चालतं.

मग प्रश्न येतो पैशांचा. महिन्याचा पगार, त्यातून घराचा हप्ता, पास, मोबाइल, वीकएण्ड... आणि त्यात हे? घाबरू नका. मात्र पैसे कुठे टाकायचे आणि कुठे नाही, हे आधी नीट समजून घ्या. कारण या खेळात चुकीच्या जागी वाचवलेले पैसे गुडघ्यातून वसूल होतात.

आधी पतंग, तोही छोटा

स्नोकाइटिंगमध्ये दोन गोष्टी शिकायच्या असतात, पतंग आणि पाय. दोन्ही एकदम शिकायला गेलात तर दोन्ही येत नाहीत. म्हणून पतंग घरच्या वाऱ्यात शिका. दोन-तीन चौरस मीटरचा ट्रेनर काइट त्यासाठी पुरतो. हा कापडी पतंग हवा भरली की फुगतो आणि हातातल्या दांडीने वळतो. कामटी नाही, कागद नाही.

जागा? भाईंदर पश्चिमेहून उत्तन-चौकची बस पकडा. अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही वेगळ्याच गावात असता. कौलारू घरं, क्रॉस, रंगवलेल्या होड्या आणि नाकात शिरणारा सुक्या मासळीचा वास. इथल्या धारावी किल्ल्यावर १७३९ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज भिडले होते, वसईच्या मोहिमेत. आज तिथे कपल्स सनसेट बघतात. असो!

हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दुपारनंतर तो उलटा फिरतो आणि समुद्राकडून येतो. ट्रेनर काइटसाठी ही दुपारची वेळ बेस्ट. सकाळचा वारा तुम्हाला आत समुद्राकडे ओढू पाहतो, म्हणून सकाळी नकोच. पण दुपारच्या वाऱ्यातही एक गोची आहे. समुद्राकडून वारा म्हणजे पतंगाची सगळी ताकद किनाऱ्याच्या दिशेने, आणि किनाऱ्यावर असतात माणसं, होड्या, विजेच्या तारा आणि बांबूच्या मांडवांवर सुकणारे बोंबील. ते बोंबील म्हणजे कुणाच्या तरी घरचा महिन्याचा हिशोब आहे, तुमच्या सेल्फीचा बॅकग्राउंड नाही. त्यामुळे मांडव आणि जाळी पसरलेल्या जागेपासून लांब राहा, कोळी मंडळींना विचारूनच पतंग काढा, आणि वाऱ्याच्या दिशेने दोऱ्यांच्या लांबीच्या निदान दुप्पट-तिप्पट जागा मोकळी ठेवा. वेलंकनी चर्चजवळच्या किनाऱ्यावर रविवारी गर्दी असते, त्यामुळे मधल्या वारी जमवा. मोठी मोकळी वाळू हवी असेल तर ओहोटीला गोराईकडे सरका.

दोरीबद्दलही सांगायला हवं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, कारण तो गळे कापतो. काइटची दोरी मांजासारखी काचेची नसते, पण एकेक दोरी दोनशे किलोच्या पुढे ताण सहन करते. ताणलेल्या दोरीत बोट अडकलं तर काय होईल, हे मी लिहायला नको. (ट्रिव्हिया : आपल्या १९३४ च्या विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगही होता! तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा आला.)

मोठा पतंग शिकायचा तर कोर्सच करा. गोव्यात मोरजी-आश्वे पट्ट्यात आणि खाली रामेश्वरमला काइटसर्फिंग शिकवणारे आहेत. सेफ्टी रिलीज खेचून पतंग एका सेकंदात मेला पाहिजे. हा रिफ्लेक्स पाण्यात तयार होतो, यूट्यूबवर नाही.

स्की की बोर्ड?

आता मेन मुद्दा. माझं मत सरळ आहे. बर्फावर पहिल्यांदाच जाणार असाल तर स्की. आधी काइटसर्फिंग किंवा स्केटबोर्डिंग केलेलं असेल, तरच स्नोबोर्डचा विचार करा.

कारण साधं आहे. स्कीवर दोन पाय मोकळे असतात. वारा पडला तर चालता येतं, सरपटता येतं, पतंग डोक्यावर धरून उभं राहता येतं. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. वारा पडला की तुम्ही खाली बसता, आणि नवशिक्याचा अर्धा दिवस बर्फात बूड ओलं करण्यात जातो. कडक बर्फावर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढायलाही स्कीच सोपी. पडलात तर स्कीचं बाइंडिंग सुटतं, बोर्डचं सुटत नाही. बोर्डवाल्यांची मनगटं आणि घोटे धोक्यात, स्कीवाल्यांचे गुडघे.

बोर्डच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याचे बूट मऊ असतात. ते घालून तुम्ही चहा प्यायला जाऊ शकता. स्कीचे बूट घालून चालणं म्हणजे रोबोटची नक्कल. खडबडीत किंवा भुसभुशीत बर्फावर बोर्ड गुळगुळीत जातो, आणि काइटसर्फर्सना तो लगेच ओळखीचा वाटतो. घ्यायचाच असेल तर दोन्ही टोकं सारखी असलेला ‘ट्विन’ घ्या, म्हणजे डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे जाता येईल. पाय बदकासारखे बाहेर वळवून, साधारण १५-१५ अंशांवर बाइंडिंग लावून घ्या. पावलं मोठी असतील तर ‘वाइड’ बोर्ड, नाहीतर बोटं बर्फात घासतात आणि तुम्ही तोंडावर.

स्की घेताना ग्लॅमरवर जाऊ नका. रेसच्या चकचकीत, ताठ स्की सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतात. नका घेऊ! काइटवाला लांब, सरळ रेषेत जातो. कंबर खूप बारीक आणि टोकं रुंद अशा स्की वेगात स्वतःहून वळायला बघतात. वळणाची त्रिज्या १७ मीटर किंवा जास्त, पायाखालची रुंदी ८० ते ९५ मिलिमीटर, मागचं टोकही वर वळलेलं, आणि लांबी तुमच्या उंचीपेक्षा किंचित कमी. पाच फूट सातच्या, पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला १६० ते १६८ सेंटिमीटर ठीक. जुनी जोडी बघताना कडा तपासा. तडे आहेत का, थर सुटलेत का, तळाला खोल खड्डा पडून आतलं लाकूड दिसतंय का. वरवरचे ओरखडे चालतात, मेणाने भरतात.

बाइंडिंगमध्ये मात्र काटकसर नको. दहा-बारा वर्षं जुनं असेल तर स्की फुकट मिळाली तरी सोडून द्या. बाइंडिंग किती जोरात सुटायचं याचा आकडा तुमचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी बघून दुकानातला माणूस लावतो. घरच्या स्क्रूड्रायव्हरने प्रयोग केलात आणि स्की सुटलीच नाही, तर गुडघ्यातला लिगामेंट सुटतो. मग ऑपरेशन, महिनोन् महिने फिजिओथेरपी, आणि सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये काठी घेऊन चढणं. ऑफिसची सिक लीव्ह तेवढी असते का? आणि हो, ट्रॅव्हल इन्शुरन्सची बारीक अक्षरं वाचा. साहसी खेळ बरेचदा त्यातून वगळलेले असतात.

विकत काय, भाड्याने काय

हिशोब मांडू. समजा सेकंडहँड स्कीचा सेट तीस हजारांना पडला आणि भाडं दिवसाला बाराशे. म्हणजे पंचवीस दिवस बर्फावर घालवले तर पैसे वसूल. मीरा रोडचा माणूस वर्षाला किती दिवस बर्फावर असतो? पाच? मग पाच वर्षं लागतील! तोवर लग्न, मूल, बदली, काय काय होऊन जातं. त्यामुळे पहिले दोन सीझन स्की भाड्यानेच घ्या.

विकत काही घ्यायचंच असेल तर बूट. हा फंडा लक्षात ठेवा. भाड्याच्या बुटात अनेक पाय येऊन गेलेले असतात, आतला फोम मेलेला असतो, आणि पाय आत हलला की स्की ऐकत नाही. साइज सेंटिमीटरमध्ये असते, २६.५ वगैरे. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघा वाकवला की किंचित मागे सरकला पाहिजे. मोजा एकच, पातळ. दोन जाड मोजे घालून ऊब येत नाही, रक्तप्रवाह अडून उलट पाय गार पडतात. फार जुने बूटही टाळा, जुनं प्लॅस्टिक थंडीत फुटतं.

मुंबईत स्कीची दुकानं जवळपास नाहीतच. डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी बर्फाचं जॅकेट, हातमोजे, गॉगल मिळतात, तेवढं तिथून उचला. हेल्मेट नवंच हवं. सेकंडहँड गिअरसाठी खरा सोर्स म्हणजे न्यू जर्सी किंवा टोरोंटोमधला आत्तेभाऊ. तिकडे सीझन संपताना, मार्च-एप्रिलमध्ये सेल लागतात, आणि थंडीच्या आधी जुन्या सामानाचे बाजार भरतात. त्याला फक्त मापं नीट कळवा. ‘दादा, साधारण माझ्या पायाचे’ असं सांगून चालणार नाही. आणि एअरलाइन स्कीच्या बॅगचे किती पैसे लावते ते आधी विचारून ठेवा, नाहीतर स्वस्त स्की महाग पडायची.

गुलमर्ग व्हाया वांद्रे

पाय शिकायचे ते गुलमर्गला. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचं हे पठार उन्हाळ्यात गोल्फ कोर्स असतं, हिवाळ्यात नवशिक्यांचं अंगण. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर ३,९०० मीटरच्या पुढे नेतो, पण पहिल्या वर्षी तिकडे बघायचंही नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची संस्था इथेच आहे, तिथले कोर्स प्रायव्हेट पॅकेजपेक्षा खिशाला परवडतात.

जाण्याचा खर्चही कमी झालाय. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेसने कटरा, आणि जून २०२५ मध्ये चिनाब पुलावरून रेल्वे सुरू झाल्यापासून कटऱ्याहून थेट वंदे भारतने श्रीनगर. तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. तंगमर्गनंतर बर्फ जास्त असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. बुकिंगची घाई करू नका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग ऐन सीझनमध्ये कोरडं पडलं होतं, लोक स्की घेऊन गवताकडे बघत बसले. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात सेफ. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर सुरक्षेच्या सूचना बघूनच निघायचं, हेही ओघाने आलं.

पण गुलमर्गला बॅगेतून पतंग काढू नका! एक तर उतारांवर गर्दी आणि गोंडोलाच्या तारा. दुसरं म्हणजे नियंत्रण रेषा जवळ आहे, आणि आकाशात अनोळखी काही दिसलं तर तिथे कुणालाही गंमत वाटत नाही. प्रशासनाची लेखी परवानगी असेल तरच. म्हणून पहिला हिवाळा नुसती स्की. घसरत थांबता आलं, दोन्ही बाजूंना वळता आलं, कडेवर तिरकं उभं राहता आलं, की पाय तयार. पतंग आणि स्की एकत्र करायचा पहिला दिवस परदेशातल्या एखाद्या स्कूलमध्ये, त्यांच्याच पतंगावर घालवा. या खेळात सगळ्यात महाग वस्तू पतंगच असते, त्यामुळे तो शेवटी घ्या. बर्फावर घर्षण कमी असतं, पाण्यावर लागतो त्यापेक्षा छोटा पतंग पुरतो, म्हणजे तिथेही थोडे वाचतात.

आणि समजा स्की घेतल्याच, तर वन बीएचकेमध्ये ठेवायच्या कुठे? पलंगाखाली १६५ सेंटिमीटर मावतं. पण आपल्याकडची खारी, दमट हवा स्टीलच्या कडांना एका पावसाळ्यात गंजवते. कोरड्या फडक्याने पुसा, कडांवर तेलाचा हलका हात, तळाला मेणाचा जाड थर, आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. बूट बकल लावून ठेवा, आकार टिकतो.

स्की येईपर्यंत ट्रेनर काइट आहेच. भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, दुपारी तीनच्या सुमाराला ओहोटी असेल असा दिवस निवडा, आणि उत्तनची बस भाईंदर पश्चिमेहून पकडा. परतताना सुके बोंबील घ्यायला विसरू नका, फक्त पिशवी दोनदा बांधा. लोकलमध्ये लोक बघतात!