अशेरीगडावर एक रविवार

आठवडाभर विरार लोकलमध्ये उभे राहून पाय भरून येतात, मग रविवारी डोंगर कशाला चढायचा, असे शेजाऱ्यांनी विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या फुलपाड्यातल्या चाळीत बहुतेकांना रविवार हाच काय तो मोकळा दिवस. त्यात दळण, धुणे, मुलांचा अभ्यास, कुणाचे लग्न, कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. तरी गेल्या जानेवारीत आम्ही नऊ जण निघालोच. सर्वांत लहान आमची १२ वर्षांची पुतणी आणि सर्वांत मोठी ६१ वर्षांची आत्या.

जीवदानीचा डोंगर आम्हाला रोज दिसतो, पण त्याला पायऱ्या आहेत. पायऱ्या नसलेला डोंगर पाहायचा म्हणून अशेरीगड ठरला. पहाटेची डहाणू लोकल धरून पालघरला उतरलो. ही लोकल २०१३ साली सुरू झाली, त्याआधी विरारच्या पुढे जायचे म्हणजे शटल आणि पॅसेंजरची वाट पाहण्यातच दिवस जायचा. पालघरहून मनोरमार्गे कासाकडे जाणारी एस.टी. घेतली आणि अहमदाबाद हायवेवर खोडकोन्याला उतरलो.

आमच्यातला कॉलेजात जाणारा मुलगा वाटेत सांगत होता की, स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या डोंगरांची एक यादीच आहे. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने ती १८९१ साली पहिल्यांदा छापली. आज तिच्यात २८२ शिखरे आहेत आणि लोक सुट्टीत एकेक चढून खूण करतात. त्यांचे सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपले कळसूबाई १६४६. आत्या म्हणाली, "त्यांना दुसऱ्या दिवशी ड्युटी नसते काय रे?" असते की! तीही माणसे सोमवारी कामावरच जातात. डोंगर ही फक्त पैसेवाल्यांची हौस, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

पाड्यातला एक तरुण वाट दाखवायला सोबत घेतला. त्याचा रोज निघण्याआधीच ठरवला आणि घासाघीस केली नाही. रोजंदारीवर जगणाऱ्यांनी दुसऱ्याचा रोज तोडू नये. आणखी एक गोष्ट तिथेच ठरली: १ वाजला की जो जिथे असेल तिथून मागे फिरायचे, कारण परतीची एस.टी. आमच्यासाठी थांबणार नव्हती.

गड सुमारे पाचशे मीटर उंच. पहिला टप्पा जंगलातून जातो. पाचोळ्यावरून पाय सटकत होते आणि थंडीतही अंगाला घाम फुटला. तासाभरात तीन बाटल्या रिकाम्या झाल्या. खिंडीत पोहोचलो तिथे आदिवासींचा वाघदेव आहे, लाकडावर कोरलेला. सावलीला बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. इथून पुढे खरी चढाई. आत्याचा गुडघा बोलू लागला होता. कातळाच्या पायथ्यापर्यंत ती आली, वर मान करून पाहिले आणि म्हणाली, "मी इथंच बसते. तुम्ही जा." पोरे आग्रह करू लागली तशी तिने एकाच नजरेने त्यांना गप्प केले. वहिनी तिच्याजवळ थांबल्या.

दोन कातळांमधल्या अरुंद घळीतून शिडी धरून आणि खोबण्यांत पाय रोवून सात जण वर गेलो. वाटेत एका दगडावर पोर्तुगीजांचा राजमुकुट आणि ढाल कोरलेली दिसते. सोळाव्या शतकापासून हा गड त्यांच्याकडे होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच मोहिमेच्या काळात हाही मराठ्यांकडे आला. वर मोठे पठार आहे, कातळात खोदलेली गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. समोर कोहोज, खाली सूर्या नदी आणि हायवेवरचे ट्रक काडेपेटीएवढे. गार पाणी प्यालो, एक बाटली भरून घेतली. पाऊण वाजताच उठलो.

चढताना डोळे वर असतात, उतरताना पायाखालची दरी दिसते. पुतणी शिडीच्या तोंडाशी आली आणि थांबली. हात कातळाला चिकटले, पाय खाली सुटेना. वाटाड्या तिच्या खाली उभा राहिला, तिचे वडील वरून हात धरू लागले, सगळे एकदम बोलू लागले, आणि पोर रडायलाच लागली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. आमच्याही छातीत धडधडत होते.

तेवढ्यात खालून आत्याचा आवाज आला. "सगळे गप ऱ्हावा! बाय, माझं ऐक. तोंड दगडाकडं कर. खाली बघू नगं. दोन्ही हात धर, मग एकच पाय सोड. टेकला? आता दुसरा."

विरारमध्ये इमारतीवर इमारत उठत होती तेव्हा आत्याने पंधरा वर्षे डोक्यावर घमेले घेऊन परांच्या चढल्या-उतरल्या आहेत. आज ज्या सोसायट्यांत आमच्यातले काही जण भाड्याने राहतात त्यांतल्या दोन तिने बांधताना पाहिल्या आहेत. तीन ठिकाणी आधार असल्याशिवाय चौथा सोडायचा नाही, हे ती तिथे शिकली. गिर्यारोहणाच्या वर्गातही हेच शिकवतात, असे कॉलेजातल्या मुलाने नंतर सांगितले. पुतणी एकेक पाय टाकत खाली आली आणि आजीच्या कुशीत शिरली.

भरून आणलेली बाटली आत्याच्या हातात दिली. दोन घोट पिऊन ती म्हणाली, "गोड हाय. टाकं केवढं हाय? आत उतरायला पायऱ्या ठेवल्यात का खोदणाऱ्यांनी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुतणी डोळे पुसत हाताने माप दाखवू लागली आणि खिंडीपर्यंत तेच सांगत राहिली. एस.टी. पावणेचारला होती.